साथीत पगार थांबला तर : पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

एरवी नोकरी गेली की माणूस काय करतो? ओळखीच्यांना फोन फिरवतो, मेव्हण्याकडून थोडे उसने घेतो आणि महिना-दोन महिन्यांत दुसरीकडे कुठेतरी चिकटतो. साथीत हे जमत नाही. ज्याला फोन करायचा त्याचीही नोकरी त्याच आठवड्यात गेलेली असते आणि मेव्हण्याचं दुकानही बंद असतं. सीएमआयई या संस्थेच्या अंदाजानुसार एप्रिल २०२० या एकाच महिन्यात देशात १२ कोटींहून जास्त लोकांचं काम गेलं. मुंबईत तर काम शाबूत असलेल्यांनाही कामावर पोचता येत नव्हतं. मार्च २०२० मध्ये थांबलेली लोकल सगळ्यांसाठी सुरू व्हायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडला, आणि तीही ठरावीक वेळांतच.

त्यामुळे साथीत पहिल्याच दिवशी नोकरी शोधायला पळू नका. आधी वेळ काढायची तजवीज करा. हातातले पैसे किती महिने पुरतील ते बघायचं आणि ते महिने वाढवत न्यायचे. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. उदाहरणं २०२०-२१ ची आहेत. तेव्हाच्या बऱ्याच सवलती आता बंद आहेत, काही चालू आहेत. ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. पुढच्या खेपेला सरकार, बँका आणि मालक साधारण याच वाटेने जातील असं धरून चाला.

१. सही करण्याआधी थांबा

फोन बहुधा एचआरकडून येतो आणि आवाज अगदी मऊ असतो. "सर, टर्मिनेशन लेटर दिलं तर तुमचंच रेकॉर्ड खराब होईल. त्यापेक्षा तुम्हीच रिझाइन टाका, रिलीव्हिंग लेटर आठवड्यात देतो."

यावर फोनवर हो म्हणायचं नाही आणि भांडायचंही नाही. एवढंच म्हणा, "मॅडम, जे काय आहे ते मला मेलवर पाठवा. घरी बोलून दोन दिवसांत कळवतो." मेल येवो न येवो, त्याच संध्याकाळी तुम्ही स्वतः एक मेल टाका : आज अमुक वाजता आपला फोन आला, मला राजीनामा द्यायला सांगितलं, लेखी कारण कळवावं. दोन ओळी पुरतात. पुढे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायची वेळ आली, तर त्या दोन ओळींना वजन असतं.

एवढी घाई का टाळायची? राजीनामा दिला की नोकरी तुम्ही सोडली, तुम्हाला काढलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. कायद्यातल्या "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्याने वर्षभर सलग, म्हणजे २४० दिवस काम केलं असेल, तर त्याला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. २०२० मध्ये हे औद्योगिक विवाद कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, पण हा गाभा तोच राहिला. व्यवस्थापकांना हा कायदा लागत नाही. त्यांनी नेमणूकपत्र काढून नोटीस किती दिवसांची लिहिली आहे ते पाहावं. त्यांची भिस्त त्या कागदावरच.

ग्रॅच्युइटीचं गणित वेगळं, आणि ती राजीनामा दिला तरी बुडत नाही. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण असली पाहिजेत. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला १५ ने गुणा, वर्षांनी गुणा, २६ ने भागा. मूळ पगार १३,००० आणि नोकरी आठ वर्षं, तर ६०,००० रुपये. ती तीस दिवसांत मिळायला हवी.

काढलं नाही, नुसता पगार कापला, तर तीन गोष्टी लेखी मागून घ्या. कपात किती महिन्यांची? कापलेला भाग नंतर देणार की गेला तो गेला? आणि पीएफ कोणत्या आकड्यावर कापणार? तोंडी "सगळं नॉर्मल झालं की बघू" याला काही अर्थ नसतो.

कंपनीचं लॉगिन बंद व्हायच्या आत हे काढून ठेवा : नेमणूकपत्र, निदान वर्षभराच्या पगारचिठ्ठ्या, फॉर्म १६, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), ईएसआयचा म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा क्रमांक आणि कंपनीच्या मेडिक्लेमचा पॉलिसी क्रमांक. लॉगिन कधीकधी फोन ठेवल्यावर तासाभरात बंद होतं, तेव्हा हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

२. घरात सांगा, मग वही काढा

बरेच पुरुष हे घरी सांगत नाहीत. सकाळी डबा घेऊन निघतात आणि बागेत बसून परत येतात. टाळेबंदीत तर निघायलाही जागा नसते, मग लॅपटॉप उघडून बसल्याचं नाटक होतं. यात पहिले पंधरा दिवस जातात, आणि हिशेबाच्या दृष्टीने तेच सर्वांत महागाचे. पगार आहे या समजुतीवर घरातला खर्च पूर्वीसारखाच चालू राहतो. मुलांनाही सांगा. आठ-दहा वर्षांच्या पोराला कळतं, आणि अंदाजाने घाबरण्यापेक्षा ते बरं.

आता हिशेब. समजा, कल्याण पूर्वेला भाड्याच्या घरात चौघं राहतात. नवऱ्याचा २८,००० पगार बंद झाला, बायकोच्या शिवणकामाचे महिन्याला ६,००० येतात, बँकेत ४५,००० आहेत. खर्च असा : भाडं ७,५००, किराणा-दूध-भाजी ९,०००, वीज-गॅस-मोबाइल २,३००, शाळा २,५००, दुचाकीचा हप्ता २,८००, एलआयसी १,२००, गावी आई-वडिलांना २,०००. एकूण २७,३००. दर महिन्याला तूट २१,३००. म्हणजे बँकेतले पैसे दोन महिने जेमतेम.

आता वहीच्या पानावर दोन रकाने पाडा. पहिल्यात "द्यायचेच", दुसऱ्यात "थकवायचे". किराणा ७,००० वर आणा, वीज-गॅस-मोबाइल १,७०० वर, गावी १,५००. घरमालकाशी बोलून भाड्यातले ५,००० आता आणि २,५०० नंतर. शाळा, हप्ता, एलआयसी पुढे ढकला. "द्यायचेच" रकाना १५,२०० वर येतो, शिवणकामाचे वजा जाता तूट ९,२००. तेच ४५,००० आता पाच महिन्यांच्या जवळ जातात.

पण दुसरा रकाना विसरायचा नाही. तिथे दर महिन्याला ९,००० साचताहेत आणि पाच महिन्यांनी ते ४५,००० होतील. वाचवलेले वाटतात, पण ती उधारीच आहे. थकवण्याला लोक हरकत घेत नाहीत. न सांगता थकवण्याला घेतात.

३. धान्य : कपाटातलं रेशनकार्ड बाहेर काढा

मध्यमवर्गीय घरात रेशनकार्ड हे पत्त्याचा पुरावा म्हणून ठेवलेलं असतं. दुकानदाराचं तोंड पाहून वर्षं झालेली असतात. २०२० मध्ये अशा घरांची मोठी पंचाईत झाली.

महाराष्ट्रात कार्डाचा रंग आणि धान्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, वर पांढरं. पण अन्नसुरक्षा कायद्याचं धान्य केशरीतल्या सगळ्यांना मिळत नाही. शहरात ५९ हजार आणि गावात ४४ हजार अशी उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि यादीत नाव चढलेलं असावं लागतं. यादीतल्यांना एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो जादा धान्य फुकट मिळालं. यादीबाहेरच्या केशरी कार्डवाल्यांसाठी राज्याने नंतर मे आणि जूनसाठी माणशी तीन किलो गहू ८ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ १२ रुपयांनी दिले. पांढऱ्या कार्डाला काहीच नव्हतं.

म्हणून आत्ता, साथ नसताना, तीन गोष्टी बघून ठेवा. कार्डावरच्या सगळ्यांचं आधार जोडलेलं आहे का. लग्न होऊन आलेल्या सुनेचं आणि मुलांचं नाव चढलंय का; माणशी धान्य म्हटलं की नाव नसलेल्याचं धान्य नाही. आणि दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा उमटतो का. भांडी घासून किंवा सिमेंट कालवून ज्यांच्या बोटांवरच्या रेघा पुसट झाल्यात, त्यांचा अंगठा मशीन घेतच नाही. बाई चार-चारदा पदराला बोट पुसून लावते आणि मागची रांग कुरकुरते. घरातल्या ज्याचा अंगठा नीट उमटतो त्याने जावं. कार्डावरचा कोणीही चालतो.

कार्ड गावचं असेल, सातारा किंवा रत्नागिरीचं, आणि तुम्ही मुंबईत असाल, तरी अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असेल तर इथल्या दुकानातून धान्य उचलता येतं. गावी असलेल्यांनी त्यांच्या वाटणीचं तिकडे घ्यायचं.

शिजलेल्या अन्नाची लाज बाळगू नका. शिवभोजन थाळी जानेवारी २०२० मध्ये दहा रुपयांना सुरू झाली, टाळेबंदीत पाच रुपयांवर आली आणि एप्रिल २०२१ मध्ये काही काळ फुकट होती. दिवसाचं एक जेवण असं बाहेर पडलं, तर महिन्याचा किराणा बराच हलका होतो.

४. ईएसआय : ज्याचा बहुतेकांना पत्ताच नसतो

पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल तर तुमच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असणार. लोकांना त्याचं हॉस्पिटल माहीत असतं, बेकारी भत्ता माहीत नसतो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. आधी काम गेल्यावर ९० दिवसांनी अर्ज, आणि सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के मिळायचे. २०२० मध्ये ते ५० टक्के केले, अर्ज ३० दिवसांनी करता येऊ लागला आणि मालकाच्या सहीची अट काढली. भत्ता जास्तीत जास्त ९० दिवसांचा आणि आयुष्यात एकदाच. वाढीव दराची मुदत नंतरही वेळोवेळी वाढवत नेली, म्हणून अर्ज करायच्या दिवशी शाखेत चालू दर विचारा.

दोन वर्षं विमाधारक असणं आणि काम जाण्याआधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असणं या मुख्य अटी. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना किंवा गैरवर्तनासाठी काढलेल्यांना भत्ता नाही. मालकाने पोर्टलवर काम सुटल्याचं कारण काय भरलंय ते म्हणूनच विचारून घ्या.

५. पीएफ : काढता येतो, पण कागद जुळले तर

मार्च २०२० मध्ये साथीसाठी खास सवलत आली : तीन महिन्यांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता किंवा खात्यातल्या रकमेच्या ७५ टक्के, यातलं जे कमी ते काढता येईल, परत भरायला नको, करही नाही. २०२१ च्या मे अखेर दुसऱ्यांदा काढायची मुभा मिळाली. ही सवलत जून २०२४ मध्ये बंद झाली.

बेकारीचं कलम मात्र साथीआधीपासून होतं : एक महिना काम नसेल तर ७५ टक्के, दोन महिन्यांनी उरलेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या (पीएफ चालवणाऱ्या संस्थेच्या) विश्वस्त मंडळाने यात मोठा बदल ठरवला. ७५ टक्के लगेच, पण पूर्ण रक्कम बारा महिने बेकार राहिल्यावरच. त्यामुळे दोन महिन्यांत सगळा पीएफ हातात येईल हे गणित आता मांडू नका.

नियम सोपे दिसतात, दावा अडतो कागदाच्या जुळणीत. आधारवर "सुनीता", पीएफमध्ये कारकुनाने टाईप केलेलं "सुनिता", इंग्रजीत एक अक्षर कमी-जास्त, आणि दावा परत. जन्मतारखेत शाळेचा दाखला आणि आधार यांत फरक, दावा परत. बँकांच्या विलीनीकरणाने आणखी घोळ घातला. सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद, ओरिएंटल या बँका एप्रिल २०२० मध्ये मोठ्या बँकांत गेल्या, पुढे त्यांचे आयएफएससी (शाखेचे कोड) बदलले आणि पीएफमध्ये जुनेच राहिले. लोक म्हणायचे, "खातं तर चालू आहे, पैसे का येत नाहीत?"

ही दुरुस्ती नोकरी चालू असताना करा. नोकरी सुटल्यावर जुन्या मालकाची ऑनलाइन मंजुरी लागली, तर तिथे फोन उचलायला कोणी नसतं. काम सुटल्याची तारीख मालकाने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः भरता येते.

आता माझं मत. पीएफ हा शेवटून दुसरा पर्याय ठेवा. एकदा खात्यातून निघाला की तो परत भरणारा मी फार क्वचित पाहिलाय. पण चढ्या व्याजाचं क्रेडिट कार्ड वापरायचं की पीएफ काढायचा असा प्रश्न असेल, तर निःशंक पीएफ काढा.

६. कर्जाचे हप्ते : ढकलणं म्हणजे माफी नव्हे

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये तीन महिन्यांची, पुढे आणखी तीन, अशी ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलायची सोय दिली. बातम्यांत "हप्ते माफ" असं फिरलं आणि पगार चालू असलेल्यांनीही ते घेतलं. व्याज मात्र चालूच होतं. स्टेट बँकेने तेव्हा स्वतःच उदाहरण दिलं होतं : १५ वर्षं उरलेल्या ३० लाखांच्या गृहकर्जाचे तीन हप्ते ढकलले, तर जादा व्याज सुमारे २ लाख ३४ हजार, म्हणजे आठ हप्त्यांएवढं. तेच ५४ महिने उरलेल्या सहा लाखांच्या वाहनकर्जाला सुमारे १९ हजार, म्हणजे दीड हप्ता. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचं त्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज सरकारने नंतर परत दिलं. साधं व्याज कर्जदारानेच भरलं.

यावरून धडा असा : कर्ज जितकं मोठं आणि मुदत जितकी लांब, तितकं ढकलणं महाग. गाडी आणि गृहकर्ज दोन्ही असेल आणि एकच हप्ता झेपत असेल, तर गृहकर्जाचा भरा. बँकेला लेखी कळवल्याशिवाय कोणताही हप्ता चुकवू नका. सवलत जाहीर नसली तरी हप्ता कमी करून मुदत वाढवून देण्याचा अधिकार शाखेकडे किंवा तिच्या वरच्या कार्यालयात असतो. नोकरी गेल्याचं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि "सध्या एवढे भरू शकतो" असा एक आकडा घेऊन जा. आकडा नसला की साहेब "बघतो" म्हणतात.

७. पैसे उभे करायचेच असतील तर

आधी मुदतठेव मोडा. व्याज गेलं तर जाऊ दे. मग बचत गट किंवा पतसंस्था. त्यानंतर सोनं.

सोनंतारणाबद्दल एक सांगायला हवं. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने दागिन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची तात्पुरती परवानगी दिली. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव ५६ हजारांच्या आसपास पोचला होता. मार्च २०२१ पर्यंत तो ४४-४५ हजारांवर आला. ज्यांनी चढ्या भावाला नव्वद टक्के उचलले होते, त्यांना फरकाचे पैसे भरा किंवा दागिने लिलावात जातील, अशा नोटिसा आल्या. म्हणून मिळतंय म्हणून सगळं उचलू नका. निम्म्यावर थांबा, व्याज दर महिन्याला भरा आणि मंगळसूत्र बाजूला ठेवून बाकीचं न्या.

मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपकडे मात्र वळूच नका. सात दिवसांची मुदत, आधीच कापलेलं शुल्क, आणि हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर बदनामीचे मेसेज. रिझर्व्ह बँकेला डिसेंबर २०२० मध्ये याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. कोणी अडकलंच असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा आणि नातेवाइकांना स्वतःच आधी सांगून टाका. धमकीची धार तिथेच जाते.

८. भाडं, शाळा, दवाखाना

१७ एप्रिल २०२० ला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडं निदान तीन महिने पुढे ढकलायला आणि कोणाला बाहेर न काढायला सांगितलं होतं. ती सूचना होती. ती दाखवून भांडणाऱ्यांपेक्षा महिन्याच्या एक तारखेआधी मालकाकडे गेलेल्यांचं जास्त निभावलं. "काका, कंपनी बंद आहे. पाच हजार आत्ता देतो, बाकीचं लिहून ठेवू, नाहीतर डिपॉझिटमधून वळतं करा." कित्येक काकांचं पोट त्या भाड्यावरच असतं, हेही ध्यानात असू द्या. जे ठरेल ते व्हॉट्सॲपवर एका ओळीत टाकून "हो" घ्या.

शाळेच्या फीत राज्याने १२ ऑगस्ट २०२१ रोजी १५ टक्के कपातीचा आदेश काढला. तोवर शाळेचं दीड वर्ष उलटलं होतं. त्यामुळे आदेशाची वाट न पाहता मुख्याध्यापकांना अर्ज द्या, हप्ते मागा आणि पोच घ्या.

नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेम जातो, आणि साथीत हीच सगळ्यांत मोठी जोखीम. शेवटचा दिवस यायच्या आत विमा कंपनीला विचारा की याच पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. तशी सोय असते आणि जुन्या आजारांसाठी भरलेला प्रतीक्षाकाळ त्यात धरला जातो. ते परवडत नसेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. मे २०२० पासून ती राज्यातल्या सगळ्याच रहिवाशांना खुली झाली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं, आता पाच लाख आहे. योजनेतलं रुग्णालय घराजवळ कोणतं, हे आजारी पडण्याआधी माहीत करून घ्या. रात्री दोन वाजता ते शोधायची वेळ येऊ नये.

९. पगारदार नसाल तर : नोंदणी हेच कार्ड

रिक्षावाले, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या ताई, बांधकाम मजूर यांना वरचं पीएफ-ईएसआय बहुधा मिळत नाही. त्यांच्यासाठी १३ एप्रिल २०२१ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात या गटांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. शब्द नीट वाचा : नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरकामगार, परवानाधारक रिक्षाचालक, अधिकृत फेरीवाले. वीस वर्षं धुणीभांडी करणारी, पण घरकामगार मंडळात नाव नसलेली बाई यात बसली नाही. रिक्षावाल्यांतही परवाना मालकाचा आणि चालवणारा दुसराच, तिथे चालवणाऱ्याच्या हाती काही आलं नाही.

बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार देत नसेल तर ग्रामसेवक किंवा महापालिकेचा दाखला चालतो. नोंदणीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं आणि इथेच बहुतेक गळतात. नोंदलेल्यांना २०२० मध्ये आधी २,००० आणि मग ३,००० रुपये थेट खात्यात मिळाले होते. फेरीवाल्यांना पीएम स्वनिधीतून बिनतारण कर्ज मिळतं. २०२० मध्ये सुरुवात दहा हजारांनी व्हायची, आता पहिलं कर्ज पंधरा हजारांचं आहे. महापालिकेचं ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागतं.

गावी परतलेल्यांनी रोजगार हमीचं कार्ड काढावं. २०२० मध्ये आपल्याकडे या कामाचा दर दिवसाला २३८ रुपये होता. पदवी घेतलेली पोरंही तेव्हा नालाबंडिंगवर (ओढ्यांवर बांध घालायच्या कामावर) होती, त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही.

१०. आता काम शोधा

घर चार-पाच महिने तरेल एवढं झालं की डोकं शांत होतं, आणि मग काम शोधणंही बरं होतं. साथीत सगळंच बंद पडत नाही. २०२० मध्ये गोदामं, घरपोच सामान, औषधं, रुग्णालयांची सफाई आणि वॉर्डबॉय, घरून चालणारी कॉल सेंटरं इथे माणसं लागत होती. पगार जुन्या पगारापेक्षा कमी असतो. तो "आधीचा पगार किती" याच्याशी ताडून नाकारू नका, वहीतल्या ९,२०० च्या तुटीशी ताडा. तूट भरली तरी पुष्कळ झालं.

भाजीची गाडी लावायचा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. एका चौकात एकच भाजीवाला असायचा तिथे टाळेबंदीत सहा झाले, आणि संध्याकाळी उरलेली मेथी कोणी घेईना. त्यापेक्षा ज्यात तुमचा हात आधीपासून बसलेला आहे ते धरा. डबे द्यायचे असतील तर वर्षाला बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरते, वर्षाला शंभर रुपयांत होते. पहिल्या महिन्यात ओळखीच्या दहा घरांपलीकडे जाऊ नका आणि उधारीवर डबा देऊ नका.

नोकरीसाठी कोणी नोंदणी शुल्क, लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा ट्रेनिंगचे पैसे आधी मागितले की तिथून निघा. खरी कंपनी पगार देते, घेत नाही.

मुलाखतीत मधल्या रिकाम्या महिन्यांबद्दल विचारतात. सरळ सांगा : साथीत आमचा विभागच बंद झाला. मालकाचं पत्र असेल तर सोबत ठेवा. पहिल्या पायरीवर राजीनामा न दिल्याचा उपयोग इथेही होतो.

झोप उडाली असेल, दारू वाढली असेल, घरात कोणी "माझ्यामुळे सगळे अडकलेत" असं बोलायला लागलं असेल, तर पुढच्या पगाराची वाट पाहू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

११. पहिला पगार आल्यावर

दुसरा रकाना उघडा. आधी किराणावाला आणि दूधवाला. मग क्रेडिट कार्ड किंवा जे काही सर्वांत जास्त व्याजाचं असेल ते, मग भाड्याची बाकी, मग सोनं सोडवणं, मग शाळा. नातेवाइकांना एकरकमी देता येणार नसेल तर दर महिन्याला थोडे थोडे द्या, पण पहिल्याच महिन्यापासून द्या.

बंद पडलेली एलआयसी पॉलिसी पुन्हा सुरू करायला एलआयसी अधूनमधून विलंबशुल्कात सवलतीच्या मोहिमा काढते, ती तारीख शाखेत विचारून ठेवा. नव्या नोकरीत जुना यूएएन द्या, नवा काढू देऊ नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सिबिलचा अहवाल (तुमच्या कर्जफेडीची नोंद) मागवून पाहा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. परवानगीने ढकललेला हप्ता त्यात "थकीत" म्हणून चढला असेल, तर बँकेचं मंजुरीपत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज करा. ते मंजुरीपत्र वहीच्या मागच्या कप्प्यात असायला हवं.